‘रूथ’ नातीबरोबर वाचतांना

गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत माझी नात पुण्याहून माझ्याकडे राहावयास आली, तेव्हां तिच्या पिशवींत तीन-चार इंग्रजी पुस्तकें होतीं. ती आतां पंधरा वर्षांची आहे. या वयाच्या मुलांच्या पिशव्या तपासूं नयेत, हें शाळेंत तेहतीस वर्षें शिकवून मला कळलेलें आहे. पण तिच्या आईची काळजीहि मला समजते. सूनबाईनें आधींच फोन केला होता. ‘आई, त्यांतलं एक पुस्तक तिला वर्गांतल्या ख्रिस्ती मैत्रिणीनं दिलेलं आहे. शाळेंतल्या मुलीला दिवस जातात, अशी कांहींतरी गोष्ट आहे. तुम्ही एकदां वाचून पाहा, आणि तिला वाचूं द्यावं कीं नाहीं, तें तुम्हीच ठरवा.’

पुस्तक मीं नातीकडून मागून घेतलें आणि एका रात्रींत वाचून काढलें. अमेरिकेंत अशा कादंबऱ्यांची एक निराळी जातच आहे. ख्रिस्ती प्रकाशनसंस्था कुमारवयीन मुलामुलींसाठीं त्या काढतात, आणि मुलांपेक्षां त्यांच्या आईबापांच्या नजरेला त्या उतराव्यात अशी काळजी घेतात. नायिका सोळा-सतरा वर्षांची. घर धर्मनिष्ठ, बाप कित्येकदां पाळकच. एका रात्रीच्या चुकीनंतर दार बंद करून पाहिलेली ती चाचणी, आईपासून लपविलेले आठवडे, मुलाचा पळपुटेपणा, चर्चमधील मंडळींची कुजबूज, मूल ठेवावें कीं एखाद्या दांपत्यास दत्तक द्यावें हा पेंच, आणि शेवटीं प्रार्थना, अश्रू व क्षमा. गर्भपाताचा मार्ग या कथांत बहुधा दाराशीं येऊन परत जातो. लिहिणाऱ्यांच्या श्रद्धेला तो मान्य नसतो. मला या पुस्तकाची भाषा सपाट वाटली आणि शेवट फार नीटनेटका वाटला. पण मुलीच्या हातीं देऊं नये असें त्यांत कांहींहि नव्हतें. उलट, लेखिकेचा हेतु इतका स्वच्छ होता कीं तोच ठिकठिकाणीं गोष्टीच्या आड येत होता.

सकाळीं चहाच्या वेळीं नातीनें विचारलें, ‘आजी, आवडलं का तुला?’

‘ठीक आहे,’ मी म्हणालें. ‘तुला?’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘मला एक कळलं नाहीं. ती मुलगी सारखी सगळ्यांची क्षमा मागत असते. आईची, बाबांची, चर्चमधल्या लोकांची. सगळे तिला क्षमा करतात, आणि पुस्तक संपतं. पण ते लोक तिच्याशीं इतके वाईट वागले, त्याबद्दल तिची क्षमा कोणीच मागत नाहीं.’

मला या बोलण्याला एकदम उत्तर सुचलें नाहीं. मी उठलें, पुस्तकांचें कपाट उघडलें आणि खालच्या कप्प्यांतून एक जुनें पुस्तक काढून तिच्यापुढें ठेवलें. एम. ए. चा अभ्यास करीत असतांना, १९७३ सालीं, पुण्यांत जुन्या पुस्तकांच्या ढिगांतून मीं तें घेतलें होतें. एलिझाबेथ गॅस्केल या बाईंची ‘रूथ’ नांवाची ही कादंबरी. ‘तुझ्या पुस्तकाची ही पणजी समज,’ मी म्हणालें. ‘हिच्यांत तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे कीं काय, तें पाहूं.’

ही पणजी १८५३ सालच्या जानेवारींत तीन भागांत प्रसिद्ध झाली. गॅस्केलबाईंचे पति विल्यम हे मँचेस्टरमधील क्रॉस स्ट्रीट चॅपेल या युनिटेरियन प्रार्थनामंदिराचे धर्मोपदेशक होते. स्वतः बाईंना चार मुली. म्हणजे लिहिणारी बाई ही धर्मोपदेशकाची पत्नी आणि वाढत्या मुलींची आई होती. कादंबरीचा विषय मात्र, लग्नावांचून आई झालेली सोळाएक वर्षांची अनाथ मुलगी. त्या काळच्या इंग्लंडांत सभ्य घराच्या बैठकींत ज्या गोष्टीचें नांव काढीत नसत, ती या बाईंनीं कथेच्या मध्यभागीं आणून ठेवली.

हें धैर्य त्यांना आकाशांतून मिळालें नव्हतें. १८५० सालच्या जानेवारींत त्यांनीं डिकन्सला एक पत्र लिहिलें होतें. मँचेस्टरच्या तुरुंगांत त्यांची एका सोळा वर्षांच्या मुलीशीं गांठ पडली होती. बाप धर्मोपदेशक होता, पण तो वारलेला, आईनें टाकलेली, शिवणकामाच्या दुकानांत उमेदवारीस ठेवलेली. तेथें ती आजारी पडली असतां औषधोपचारास आलेल्या डॉक्टरानेंच तिला फसविलें, आणि त्या उतरणीवरून घसरत ती चोरीच्या आरोपाखालीं तुरुंगांत आली. पुढें तोच डॉक्टर एकदां तुरुंगांत रोगी पाहावयास आला. त्याला समोर पाहतांच ती मुलगी बेशुद्ध होऊन पडली. अशा मुलींना नवें आयुष्य सुरू करतां यावें म्हणून डिकन्सनें अँजेला बर्डेट-कूट्स या धनिक बाईंच्या साहाय्यानें १८४७ मध्यें लंडनला एक आश्रयगृह काढलें होतें. या मुलीला परदेशीं कसें पाठवावें याचा सल्ला गॅस्केलबाईंनीं त्याच्याकडे मागितला होता. ती मुलगी पुढें एका कुटुंबाबरोबर दक्षिण आफ्रिकेकडे रवाना झाली. ‘रूथ’च्या मागें हा चेहरा आहे.

त्या दिवसापासून आम्ही दोघी रोज संध्याकाळीं ‘रूथ’ वाचूं लागलों. ती वाची, मी ऐकें. अडलें तेथें मी अर्थ सांगें. कथा थोडक्यांत अशी आहे. रूथ हिल्टन ही अनाथ मुलगी शिवणकाम शिकत असतांना बेलिंगहॅम नांवाच्या श्रीमंत तरुणाच्या नादीं लागते. तो तिला वेल्सच्या डोंगरांत घेऊन जातो, तेथें आजारी पडतो, आणि त्याची आई येऊन त्याला घेऊन निघून जाते. मागें उरलेली रूथ जीव द्यावयास निघते. तिला वांचवितो तो थर्स्टन बेन्सन हा पाठीला कुबड असलेला गरीब धर्मोपदेशक. तो तिच्यामागें धांवतांना पडतो, वेदनेनें ओरडतो, आणि दुसऱ्याला दुखलें हें ऐकून ती मरण विसरते व मागें वळते. बेन्सनची बहीण फेथ मदतीला येते. रूथ गरोदर असल्याचें कळतें तेव्हां ही सुशील बहीण हादरून जाते. कारण रूथला त्या बातमीनें लाज न वाटतां आनंद झालेला असतो. बेन्सन मात्र म्हणतो कीं, पाप आणि त्यापासून येणारें मूल या दोन गोष्टी निराळ्या आहेत. आणि हें मूलच कदाचित् या मुलीला तारील. तीं दोघें तिला आपल्या एकल्स्टन गांवच्या घरीं आणतात.

येथें नातीनें मला थांबविलें. ‘घरीं आणतात? सरळ आपल्या घरीं?’

सरळ आपल्या घरीं. ही गोष्ट मला ख्रिस्ती कथेच्या मुळाशींच असलेली दिसते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या आरंभीं मरीयेची हकीकत आहे. तिचें लग्न ठरलेलें, आणि लग्नापूर्वींच ती गरोदर असल्याचें दिसून आलेलें. योसेफ सज्जन होता. तिची बेअब्रू करावी असें त्याला वाटेना, म्हणून त्यानें तिला गुपचूप सोडून द्यावयाचें ठरविलें. सज्जन माणसाची बुद्धि येथवरच चालते. नंतर त्याला स्वप्नांत सांगणें होतें कीं, भिऊं नकोस, तिला घरीं आण. श्रद्धावंतांना या कथेंत जें दिसतें तें त्यांचें; माझ्यासारख्या बाहेरच्या वाचकाला एवढेंच दिसतें कीं, त्या प्रसंगीं परीक्षा मरीयेची नव्हती, योसेफच्या घराच्या दाराची होती. गॅस्केलबाई आपल्या मंदिरांत ही कथा दर नाताळाला ऐकत असतील. त्यांनीं ती मनावर घेतली, इतकेंच.

पण बेन्सनच्या घरीं येण्याला एक किंमत पडते. फेथ सुचविते कीं, रूथ ही आपली नात्यांतली तरुण विधवा आहे असें गांवाला सांगावें. बेन्सनचें मन खातें; तरीहि पोटांतल्या बाळासाठीं तो कबूल होतो. रूथचें नांव मिसेस डेन्बी असें ठेवतात. घरची जुनी मोलकरीण सॅली हिला संशय येतो. ती एका रात्रीं रूथच्या खोलींत जाऊन तिचे लांब केस कापते आणि तिला विधवेची टोपी घालावयास लावते. ‘विधवा’, ‘केस कापणें’ हे शब्द मराठी वाचकाला निराळ्या तऱ्हेनें टोंचतात. आमच्याकडे विधवेचे केस तिला जगांतून वजा करण्यासाठीं कापीत. सॅली मात्र ते रूथला जगांत ठेवून घेण्यासाठीं कापते. नातीनें हें प्रकरण पुन्हां एकदां वाचलें.

मग ती म्हणाली, ‘पण हें खोटं बोलणं झालं ना, आजी?’

झालेंच. लेखिकाहि तें लपवीत नाहीं. तें खोटें पुढें उघडकीस येतें, बेन्सनच्या मंदिराची मंडळी फुटते, आणि आपण चुकलों असें तो स्वतः म्हणतो. त्या संध्याकाळीं नात झोपल्यावर मी बराच वेळ जागी राहिलें. मला दुसरें एक खोटें आठवलें होतें, आणि त्यावर माझी सही होती.

१९८६ सालची ही गोष्ट. मी तेव्हां एका जिल्ह्याच्या गांवीं मुलींच्या शाळेंत इंग्रजी व इतिहास शिकवीत होतें. दहावीच्या वर्गांत दुसऱ्या बांकावर एक मुलगी बसे. फार हुशार नव्हती, पण अक्षर सुरेख होतें, आणि इतिहासाच्या सनावळ्या ती पाठ न करतां लक्षांत ठेवी. सहामाही परीक्षेनंतर तिच्याविषयीं कुजबूज सुरू झाली. नाताळच्या सुटीपर्यंत ती खरी ठरली. नात्यांतलाच एक लग्न झालेला गृहस्थ होता, असें पुढें कळलें. मार्चमध्यें बोर्डाची परीक्षा होती. तिच्या वडिलांची एकच विनंती होती: तिला वर्गांत बसूं द्यावें आणि परीक्षा देऊं द्यावी.

शाळासमितीची सभा भरली. मी त्या समितींत शिक्षकांची प्रतिनिधि होतें. कोणी वाईट माणसें नव्हतीं तीं. शाळेचें नांव, बाकीच्या मुलींवर होणारा परिणाम, पालकांच्या तक्रारी या सर्वांचा विचार झाला. कोणीसें म्हणालें कीं, पुढच्या वर्षीं सतरा नंबरचा फॉर्म भरून ती बाहेरून बसेल, तिचें कांहीं अडणार नाहीं. त्या गृहस्थाचें नांव सभेंत एकदांहि उच्चारलें गेलें नाहीं. शेवटीं असें ठरलें कीं, वडिलांकडूनच अर्ज घ्यावा, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारण ‘पालकांच्या विनंतीवरून’ असें लिहावें. सर्व मिळून दहा मिनिटें लागलीं. नंतरचा विषय स्नेहसंमेलनाच्या मंडपाचा होता. त्याला पाऊण तास लागला. मी एक शब्दहि बोललें नाहीं. कार्यवृत्त फिरत फिरत माझ्याकडे आलें तेव्हां मीं सही केली.

बेन्सनचें खोटें आणि आमचें खोटें यांत कागदावर फारसा फरक नाहीं. दोन्ही ठिकाणीं खऱ्या गोष्टीवर पांघरूण घातलें आहे. पण त्यानें तें पांघरूण त्या मुलीवर घातलें. आम्हीं तें शाळेवर घातलें, आणि मुलीला उघड्यावर सोडलें. पहिल्या खोट्यानें मुलीसाठीं एक दार उघडलें. दुसऱ्यानें तें बंद केलें. नीतीच्या पुस्तकांत दोन्ही खोटीं एकाच पानावर येतील. आयुष्यांत तीं एकमेकांपासून फार दूर असतात.

‘रूथ’मध्यें आमच्या समितीसारखा एक माणूस आहे. ब्रॅडशॉ हा बेन्सनच्या मंदिराचा मोठा आधारस्तंभ, श्रीमंत, कडक, स्वतःच्या सचोटीविषयीं निःशंक. रूथ त्याच्या मुलींना शिकवीत असते. तिचा पूर्ववृत्तांत कळतांच तो तिला घराबाहेर काढतो. त्याची थोरली मुलगी जेमायमा हिला रूथविषयीं मत्सर वाटत असतो. रहस्य तिला आधीं कळलेलें असतें. आणि तरीहि बाप संतापानें बोलत असतांना ती पुढें होते, रूथचा हात धरते, आणि आपण तिला जवळून पाहिली आहे, ती चांगली आहे, असें बापाच्या तोंडावर सांगते. माझी नात हें प्रकरण मोठ्यानें वाचीत होती, आणि मी हातांतलें विणकाम खालीं ठेवून ऐकत होतें. त्या सभेंत मी छत्तीस वर्षांची होतें. जेमायमा माझ्याहून कितीतरी लहान आहे.

आणि नातीच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तरहि याच माणसाच्या कथेंत आहे. ज्या घरांत रूथला जागा नव्हती, त्याच घरांत वाढलेला ब्रॅडशॉचा मुलगा बेन्सनची खोटी सही करून त्याचे पैसे हडप करतो. बेन्सन त्याच्यावर फिर्याद करीत नाहीं. अगदीं शेवटीं, रूथच्या थडग्यापाशीं तिचा मुलगा लेनर्ड रडत असलेला ब्रॅडशॉला दिसतो. तो त्या मुलाचा हात धरतो आणि त्याला घरीं पोंचवितो. बेन्सनला त्याला कांहींतरी बोलावयाचें असतें; पण कंठ दाटून येतो. क्षमा मागणें हें असें असतें. मात्र ज्या मुलीची ती मागावयाची, ती तोंवर मातीखालीं गेलेली असते.

रूथ गांवांत साथीचा ताप आला असतां रुग्णालयांत शुश्रूषेला जाते. सगळें गांव तिला दुवा देतें. आणि शेवटीं आजारी पडलेल्या त्याच बेलिंगहॅमची शुश्रूषा करून, त्याचा ताप घेऊन, ती मरते. हा शेवट त्या काळींहि टोंचला होता. कादंबरी लिहून होण्यापूर्वींच शार्लट ब्राँटे हिला तिचा आराखडा कळला होता, आणि ही मुलगी मरावयास कां हवी, असें तिनें लेखिकेला कळविलें होतें. पुस्तक निघाल्यावर कवयित्री एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंगनेंहि तेंच विचारलें. उलट बाजूच्या लोकांनाहि पुस्तक सोसलें नाहीं. गॅस्केलबाईंच्या ओळखीच्या दोघां गृहस्थांनीं पहिला भाग जाळून टाकला, आणि तिसऱ्यानें आपल्या बायकोला वाचावयाची बंदी केली. म्हणजे एकांच्या मतें लेखिकेनें मुलीवर फार दया केली, आणि दुसऱ्यांच्या मतें ती पुरी केली नाहीं. मला दुसऱ्यांचें म्हणणें पटतें. मेलेल्या मुलीविषयीं कळवळा येणें सोपें असतें; ती नंतर तुमच्या घरीं जेवावयास येत नाहीं.

या एका बाबतींत नातीचीं अमेरिकन पुस्तकें त्यांच्या पणजीच्या पुढें गेलीं आहेत, हें मान्य केलें पाहिजे. त्यांतली मुलगी जगते. फ्रॅन्सिन रिव्हर्स या ख्रिस्ती लेखिकेची ‘दि अटोन्मेंट चाइल्ड’ ही १९९७ सालची कादंबरी मीं नंतर मुद्दाम मिळवून वाचली. तिची नायिका शाळेंतली नसून धार्मिक महाविद्यालयांतली आहे. तिच्यावर बलात्कार होतो, आणि दिवस राहिल्यावर महाविद्यालय व ज्याच्याशीं लग्न ठरलें तो तरुण, दोघेहि तिच्याकडे पाठ फिरवितात. लेखिकेची गर्भपाताविरुद्धची भूमिका उघड आहे, आणि ती न पटणारे वाचक पुष्कळ असतील. परंतु तिनें एक गोष्ट प्रामाणिकपणें केली आहे. नायिकेच्या आईनें आणि आजीनेंहि आपापल्या तरुणपणीं गर्भपात करून तें आयुष्यभर मनांत दाबून ठेवलेलें असतें, आणि मुलीच्या संकटानें तीं झांकलेलीं दुःखें एकामागून एक बाहेर येतात. परीक्षा पुन्हां घराचीच होते. कोणतीहि भूमिका घेऊन लिहिलेलें असलें, तरी या जातीचें पुस्तक जेथें घराकडे वळून पाहतें तेथें तें जिवंत होतें. आणि जेथें तें केवळ मुलीला मान खालीं घालावयास लावतें तेथें तें उपदेशाचें पत्रक होतें.

बेन्सनचें घर कादंबरींतलें असलें, तरी तसें एक घर आपल्या पुण्यांत प्रत्यक्ष होऊन गेलें आहे. आणि तें ख्रिस्ती घर नव्हतें. ‘रूथ’ निघाल्यावर दहा वर्षांनीं, १८६३ सालीं, जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं आपल्या घरांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. फसलेल्या विधवांनीं गुपचूप येऊन बाळंत व्हावें, मूल न्यावें किंवा ठेवून जावें, असें त्यांनीं जाहीर केलें होतें. अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनीं १८७४ मध्यें दत्तक घेतला. तो यशवंत पुढें डॉक्टर झाला. कादंबरीच्या शेवटच्या भागांत गांवचा डॉक्टर लेनर्डला आपल्या हाताखालीं वैद्यकी शिकविण्यास तयार होतो, आणि आपणहि अशाच जन्माचे आहों असें बेन्सनला सांगतो. सावित्रीबाईंना १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची सेवा करतांना मरण आलें. गॅस्केलबाईंनीं हें सारें कल्पनेनें रचलें होतें. पुण्यांत तें हाडामांसाच्या माणसांनीं करून दाखविलें. आणि त्यांनीं तें करतांना कोणा मुलीला आधीं मरावयास सांगितलें नाहीं.

दुसरें घर पंडिता रमाबाईंचें. १८८३ सालीं त्या इंग्लंडांत गेल्या, आणि तेथें लंडनच्या फुलम भागांत ख्रिस्ती भगिनी अशा स्त्रियांसाठीं चालवीत असलेलें गृह त्यांनीं पाहिलें. ज्यांना समाज बाहेर टाकतो त्यांना कोणी प्रेमानें घरांत घेतें, हें दृश्य त्यांनीं त्यापूर्वीं पाहिलें नव्हतें, आणि ख्रिस्ती धर्माकडे त्यांचें मन ओढलें जाण्यास तें एक मोठें कारण झालें, असें त्यांनींच नमूद केलें आहे. पुढें केडगांवास मुक्तिसदनाबरोबर त्यांनीं ‘कृपासदन’ उभारलें तें याच स्त्रियांसाठीं. रमाबाईंच्या धर्मांतराविषयीं महाराष्ट्रानें पुष्कळ वाद घातला. त्या वादांत हा प्रश्न फार थोड्यांनीं विचारला कीं, फुलमच्या त्या घरांत त्यांना जें दिसलें तें त्यांना आपल्या घरांतून कां दिसलें नव्हतें?

‘रूथ’ संपली त्या दिवशीं पाऊस पडूं लागला होता. नात पुस्तक मिटून बसली होती. मीं तिला एक हकीकत सांगितली. हें पुस्तक गॅस्केलबाईंनीं लिहिलें खरें, पण त्यांच्या स्वतःच्या घरींहि तें मुलींना मोकळें नव्हतें. तरुणांनीं तें एकट्यानें वाचूं नये, कोणा वडिलधाऱ्या माणसाबरोबर वाचावें, असें त्यांचें मत होतें. आणि आपल्या थोरल्या मुलीबरोबर निवांत वेळीं तें वाचावयाचें त्यांनीं मनांत योजिलें होतें.

‘म्हणजे आपण वाचलं तसं,’ ती म्हणाली.

‘हो. पण मोठं माणूस बरोबर असलं, कीं त्याच्याहि अंगावर येतं तें.’

मग मीं तिला दुसऱ्या बांकावरच्या त्या मुलीची गोष्ट सांगितली. चाळीस वर्षांत मीं ती कोणाला सांगितली नव्हती, नवऱ्यालाहि नाहीं. सभेची, दाखल्याची, माझ्या सहीची. आणि जें सर्वांत अधिक बोंचतें तेंहि सांगितलें. सभेच्या आदल्या संध्याकाळीं ती मुलगी माझ्या घरीं आली होती. अंगावर मोठी शाल होती. ‘बाई, इतिहासाचे राहिलेले धडे उतरवून घ्यायचे आहेत,’ म्हणाली. मीं आंतून वही आणून तिच्या हातांत दिली आणि म्हटलें, ‘सावकाश परत दे.’ ती उंबऱ्यापाशीं क्षणभर उभी राहिली, आणि निघून गेली. वही तिनें आठवड्यानें शाळेच्या शिपायाबरोबर परत पाठविली, नवें कव्हर घालून. तोंवर तिचा दाखला देऊन झाला होता. पुढें तें कुटुंब गांव सोडून गेलें.

नातीनें ऐकून घेतलें. मला वाटलें होतें, ती सभेविषयीं विचारील.

‘तूं तिला घरांत कां नाहीं बोलावलंस?’ तिनें विचारलें.

खरें उत्तर मला ठाऊक होतें, आणि तें इतकें लहान होतें कीं तें सांगावयास मला सभेच्या गोष्टीपेक्षां अधिक जड गेलें.

‘शेजारच्या बाई ओट्यावर उभ्या होत्या,’ मी म्हणालें.

ती कांहीं बोलली नाहीं. मला बरें वाटावें असेंहि कांहीं बोलली नाहीं, याबद्दल मी तिची ऋणी आहें. आज काळ बदलला आहे. अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतींत २०१२ चा कायदा तिला अपराधी मानीत नाहीं. तिच्यावर अपराध झाला असें मानतो, आणि ज्याला ही गोष्ट कळेल त्यानें ती पोलिसांना कळविलीच पाहिजे असें सांगतो. त्या दहा मिनिटांच्या सभेंत ज्याचें नांव कोणीं घेतलें नाहीं, त्याचें नांव आज घ्यावें लागेल. हें फार मोठें काम झालें. तथापि ओट्यावर शेजारीण उभी असतां दारांतल्या मुलीला आंत ये म्हणावें, हें कोणत्याहि कायद्याला शिकवितां येत नाहीं. तें घरांतच, आणि लहानपणींच, शिकावें लागतें. आणि तें शिकावयाला गोष्टींवांचून दुसरें साधन मला माहीत नाहीं.

रात्रीं मीं सूनबाईला फोन केला. ‘पुस्तक वाचूं दे तिला,’ मी म्हणालें. ‘पण तूंहि वाच. तिच्याबरोबर वाच. आणि ती कांहीं विचारील, त्याचं खरं उत्तर देण्याची तयारी ठेव.’